धुतलेली द्राक्षं आणि लेकीचं घर

कंधारच्या बसस्टँडवर मला सोडायला सात बाया आल्या होत्या आणि एकीच्याही डोळ्यात पाणी नव्हतं. रडायचं सोडून त्या भांडत होत्या! "लेकीच्या घरी जन्माचं राहायला कुणी जातं का? जावयाच्या ताटात जेवती म्हणतील लोक," आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. शेजारची रझियाबी मधे पडली, "जाने दो ना, माय! पोटची पोरगी हाय तिची." बस हलली तरी दोघींचं चालूच. कुणीतरी खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी फेकली, ती कंडक्टरच्या मांडीवर पडली. त्यानं ती हुंगून बघितली आणि म्हणाला, "मावशी, हिचं तिकीट न्हाई लागत." अशी हसत हसत मी गावाबाहेर पडले.

पण हसू आपलं पुढच्या लोह्याच्या स्टँडपर्यंतच टिकलं. माझी आई म्हणायची, "लेकीच्या दारात आपली सावली बी लांब पडू देऊ नये." ती स्वतः माझ्याकडे आली की पाणीसुद्धा मागून प्यायची नाही. आणि मी ट्रंक घेऊन निघालेली. मालक गेले, मुलगा नाही, एकटी संगीता. तीच म्हणाली, "आई, तू आलीच पाहिजेस." आले. पण मनात धरलं होतं, वर्षभर बघायचं. ओझं झालं असं एकदा जरी वाटलं, तर परत कंधार.

संगीताचं सासर लातूर जिल्ह्यात, औशाच्या बाजूला. तिच्या आजेसासऱ्यांनी मुरमाड माळावर काळ्या द्राक्षांचे वेल लावले आणि वाइन करायला घेतली. त्यांच्यामागं तिचे सासरे, म्हणजे माझे इवाई. आता जावई आणि संगीता. सरकारी परवाना फ्रेम करून भिंतीवर, देवांच्या शेजारी! आमच्या घरात बाटली हा शब्द खोकल्याच्या औषधापुरता. मला वाटलं होतं, इथं संध्याकाळी सगळे झुलत असतील. कशाचं काय, इवाई सकाळी चहा पितात आणि संध्याकाळी ताक. वाइन नुसती जिभेवर घेऊन थुंकतात. "एवढं कष्टानं करायचं आणि थुंकायचं?" मी विचारलं, तर म्हणाले, "इहीणबाई, सगळी मीच पिली तर इकू काय?"

त्यांची रीत अशी. बाहेरचं काही घालायचं नाही, साखर नाही, पावडर नाही. द्राक्षतोडणीच्या आधी आठ दिवस, आजेसासऱ्यांनी लावलेल्या जुन्या वेलांची चार क्रेट द्राक्षं काढायची, कुस्करून ठेवायची. ती आपोआप फसफसली की तेच विरजण; जुन्या वेलांवर येतात तेवढीच, दुसऱ्या वेलांची चालत नाहीत. ते मोठ्या टाकीत ओतायचं आणि सगळा माल त्यावर उठवायचा, म्हणजे आंबवायचा. दह्याला लावतो तसंच की!

पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मला येऊन महिना झालेला. काम कुणी सांगेना, "बसा आई, बसा आई." बसून बसून अंग दुखलं माझं. त्या दुपारी संगीता आणि जावई बाटल्या आणायला लातूरला गेलेले, इवाई जेवून आडवे झालेले. शेडमध्ये चार क्रेट द्राक्षं, त्यावर ही पांढरी धुरकट साय! मला वाटलं, फवारा बसलाय. आपण बाजारातली द्राक्षं कशी धुतो? मीठ-हळदीच्या पाण्यात. मी घंगाळ भरलं आणि चारही क्रेट, एकेक घोस, चोळून चोळून धुतला. जुन्या लुगड्यावर वाळत घातले. अशी चमकत होती बायांनो, काळे मणीच!

संगीता लातूरहून आली आणि द्राक्षं बघून ओरडलीच. "आई, काय केलंस गं! त्या पांढऱ्या सायीवरच तर वाइन उठती."

इवाई उठून आले. घंगाळातलं पिवळं पाणी बघितलं. "न्हाऊ घातलं, हळद लावली. आता अक्षता तेवढ्या टाका, इहीणबाई." सगळे हसले, मीही हसले. जावई हळूच म्हणाले, "बाजारातून यीस्टचं पाकीट आणू. एक वर्षानं काय होतंय?" तसं इवायांचं हसू गेलं. "माझ्या बापानं कधी आणलं न्हाई," एवढंच बोलले आणि बाहेर गेले.

मी खोलीत जाऊन ट्रंक उघडली. तीन पिढ्यांचं मी एका दुपारी धुऊन टाकलं होतं. आईचं बरोबर होतं. लुगड्यांच्या घड्या घालत होते, आणि घालता घालता हात थांबला. भुईमूग काढला की आम्ही सरवा वेचायला जायचो. शेतमालकाचं काढून झाल्यावर मागं राहिलेलं आपलं. कुठलंही पीक शंभर टक्के निघतच नाही.

"संगे, जुन्या वेलांवर सरवा राहिला असंल का गं?"

दोघी गेलो. पानं उचलून, वाकून, बुंध्यापाशी बसून. लहानपणी वेचून वेचून डोळा तयार झालेला माझा. इथं मूठभर घोस, तिथं चार मणी. ऊन उतरेपर्यंत पाटीभर झाली. मी मडक्यात कुस्करायला बसले तर इवाई समोर. "हात धुतले का?"

"नुस्त्या पाण्यानं. साबण न्हाई लावला."

"मेहरबानी!"

तोंडाला फडकं बांधून मडकं चुलीच्या उबेला ठेवलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. इवाई जाता-येता मडक्याकडं बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मडक्याला कान लावला, तर आत बारीक चुरचुर. फडकं सोडलं, तर फेस वर आलेला! मी अशी ओरडले की जावई तोंडात ब्रश घेऊन पळत आले.

विरजण जेमतेमच होतं. एका टाकीलाच पुरलं, मग त्यातलं काढून दुसरी उठवली, अशा एकेक करत चार टाक्या उठवल्या. पहिल्या टाकीत ओतताना इवायांनी मडकं माझ्याच हातात दिलं. तेव्हापासून दरवर्षी विरजण मीच लावते. टेस्टिंगला पुण्या-मुंबईची माणसं आली की इवाई माझ्याकडं बोट करतात, "ह्या धुणाऱ्या बाई." मी म्हणते, "तुमच्या ताकाच्या तांब्यांकडं बघा आधी, ते कोण धुतं?"

मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा, विमलचा, कंधारहून फोन आला. "ताई, लई दिस झाले, कंधारला कधी येतीस?" मी घाईत होते, द्राक्षं काढणीला आलेली. म्हणाले, "आत्ता घर सोडून कसं येऊ गं? हंगाम झाला की येते, दोन दिवस पाहुणी म्हणून."

विमल म्हणाली, "बरं. पाहुणीला काय करून घालू?"

"पुरणपोळी," मी म्हणाले, आणि पाटी उचलून जुन्या वेलांकडं निघाले.