विचारू नये ते विचारण्याची परीक्षा

आमच्या किनाऱ्यावर घराबाहेर पडलेल्या माणसाला 'खंय चललंस?', म्हणजे कुठे निघालास, असं विचारत नाहीत. विचारलं की त्याचं काम फिसकटलंच. होडीकडे निघालेल्याला विचारलं तर जाळ्यात शेवाळ येतं, मुलगी बघायला निघालेल्याला विचारलं तर तिकडचे ऐनवेळी पत्रिका जुळत नाही म्हणतात. चुकून विचारलंच गेलं, तर त्या माणसाने मागे फिरावं, जरा टेकावं, घोटभर पाणी प्यावं आणि नव्याने निघावं. म्हणून आम्ही नुसतं 'लांब?' म्हणतो, किंवा तेही न म्हणता हनुवटी वर करतो. समोरचाही 'हयच' म्हणतो, मग तो मुंबईला का निघालेला असेना.

या शिस्तीत देवगडात मी लहानाचा मोठा झालो, आणि पन्नाशी जवळ आल्यावर वॉचमन व्हायला निघालो.

कंबर धरल्यामुळे होडी सुटली होती. घराजवळ आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना आहे, त्याच्या गेटवर जागा होती. मालक ओळखीचा, पण तो म्हणाला, आता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलिसांची पडताळणी असल्याशिवाय कुणाला गेटवर उभं करता येत नाही. आंब्याचा हंगाम लागेपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे नाही. ती गेली असती तर दुसरी वाट एकच होती. डोंबिवलीला बायकोच्या भावाकडे राहायचं आणि कुरिअरच्या ऑफिसात पार्सलांवर पत्ते चिकटवायचे. मेव्हणा वाईट नाही. फक्त तो उठल्यापासून झोपेपर्यंत सल्ले देतो, आणि आंघोळीला गेला की आतून देतो.

पोलिसांची पडताळणी सुरळीत झाली. माझ्यावर गुन्हा दाखल व्हावा इतकं कर्तृत्व माझ्या हातून कधी झालंच नव्हतं. छाती मोजताना मात्र मी श्वास इतका भरून धरला की डॉक्टरांनी टेप गुंडाळून खिशात घातली तरी मी फुगलेलाच. शेवटी त्यांनीच 'सोडा आता' म्हटलं.

प्रशिक्षण नांदगावला, हायवेजवळच्या एका हॉलमध्ये होतं. देवगडहून रोज एस.टी.ने जायचं. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेला एक सुभेदार होता. घाटावरचा, मिशा अशा की आधी त्या वर्गात यायच्या. आग कशी विझवायची, सलाम कसा ठोकायचा, गाडीखाली आरसा कसा धरायचा, सगळं त्याने शिकवलं आणि सगळं मला आलंही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी हॉलच्या फाटकात एक आडवा बांबू बांधून त्याने मला उभं केलं आणि स्वतः अनोळखी माणूस होऊन बाहेरून आला. त्याला तीनच गोष्टी विचारायच्या होत्या: कोण, कुठे चाललात, कोणाकडे काम आहे.

कोण ते मी विचारलं. पुढचा शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसला. उन्हातून आलेला माणूस, त्याचं काम मी कशाला बिघडवू? मी हनुवटी वर केली. तो गप्प. मी म्हटलं, 'लांब?' तो गप्पच. मग मला काही सुचेना, म्हणून मी त्याला सावलीत बसवलं आणि माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. पाणी त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि म्हणाला, "चोराला पाणी पाजलंस की रं पावण्या. आता तिजोरीची किल्लीबी दे."

वर्ग हसला. मी त्याला कारण सांगितलं. त्याने मिशीवरून पालथा हात फिरवला. असल्या अडाणी समजुती घाटाखालीच पिकतात, सैन्यात असलं काही चालत नाही, असं त्याने सर्वांना ऐकवलं आणि मला नापास केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा घेईन, म्हणाला, तीही न सांगता, कारण चोर सांगून येत नाही. आणि तेव्हा जमलं नाही तर पुढची तुकडी पावसाळ्यानंतर. म्हणजे हंगाम गेला, कारखाना गेला, राहिली डोंबिवली.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने हातातला विळा खाली ठेवला.

"तोंडातसून 'खंय' भायर पडना नाय, आणि होवचा आसा वॉचमन. उद्यापासून माकाच विचारा."

सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन आंगणाच्या बेड्याकडे, म्हणजे आमच्या बांबूच्या फाटकाकडे आली. मी काठी घेऊन उभा. पहिल्यांदा कुजबुजलो. तिने ऐकू आलं नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले, पोटातून जोर आणला आणि ओरडलो, "खंय चललंस?"

डोळे उघडले तर बायकोच्या मागे, वाटेवर, खांद्यावर जाळं घेतलेला आमचा शेजारी उभा होता. बंदरावर निघाला होता बिचारा.

"माका इचारलंस?" तो म्हणाला.

मी नाही नाही म्हणालो, बायकोकडे बोट दाखवलं, पण व्हायचं ते झालं होतं. त्याने जाळं उतरवलं, आमच्या पडवीत येऊन बसला, पाणी प्याला. बायकोने शरमेने चहा टाकला, मग कांदेपोहे केले. तो खाऊन उठेपर्यंत त्याची होडी त्याच्याशिवाय निघून गेली होती. बंदरावर त्याने ही गोष्ट कशी सांगितली देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून खालच्या वाडीतली माणसं माझ्या घरावरून जायची बंद झाली. सगळी देवळामागच्या लांबच्या वाटेने जाऊ लागली.

"झालात की वॉचमन," बायको म्हणाली. "वाटेर काळो कुत्रो येना नाय."

तालमीला माणूसच उरला नाही, त्यामुळे पुढचे दिवस मी माडाला विचारत राहिलो. माड कुठे जात नाही, त्याला विचारायला काही वाटत नाही.

मग पुढच्या आठवड्यात नांदगावला एका सकाळी सुभेदाराने मला फाटकावर उभं केलं आणि आत गेला. आज परीक्षा असणार, बाहेरून कोण येतो म्हणून मी रस्त्याकडे डोळे लावून होतो, तेवढ्यात मागून चपला वाजल्या. सुभेदार. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, घाईघाईने बांबूकडे येत होता. मी मनात म्हटलं, वा. आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणाऱ्याला जास्त तपासा, माल बाहेर जातो, हे त्यानेच शिकवलं होतं. माणूस वेषांतरसुद्धा किती बेमालूम करतो.

मी काठी आडवी धरली. पिशवी उघडायला लावली. आत नारळ, खण आणि पेढ्यांचा पुडा. तयारी बघून मला त्याच्याविषयी आदरच वाटला.

"कुठे चाललात?" मी खणखणीत विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. हेही सोंगच, असं वाटून मी आवाज चढवला.

"कुठे चाललात म्हणून विचारतोय. उत्तर द्या, नाहीतर सोडणार नाही."

"अरं," तो अगदी हळू म्हणाला, "पोरीची सोयरीक पक्की कराय चाललोय. फोंडाघाटची गाडी हाय माझी."

परीक्षा नव्हतीच. मी काठी खाली घेतली. वाटलं, आता हा मला आयुष्यभर नापास ठेवणार. त्याने हायवेकडे बघितलं. गाडी वळणावर दिसत होती. धावला असता तर मिळाली असती. पण तो धावला नाही. मागे फिरला, पायरीवर बसला, पिशवी शेजारी ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पाणी हाय का?"

मी बाटली दिली. गाडी आमच्यासमोरून गेली. दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. मी चाचरत विचारलं की सैन्यात हे चालत नाही ना.

"सैन्यात न्हाई चालत," तो म्हणाला. "पोरगी सैन्यात न्हाई."

थोडा वेळ बसून त्याने आतून माझं प्रमाणपत्र आणवलं, मांडीवर ठेवून सही केली आणि माझ्या हातात दिलं. आवाज चांगला आहे, तेवढा सांभाळ, म्हणाला. मग टोपी घातली, पिशवी उचलली आणि पुन्हा बांबूकडे आला. मी बांबू वर केला. कोण, कुठे, कोणाकडे, यातलं एक अक्षर तोंडातून काढलं नाही. नुसता सलाम ठोकला.

"ह्याचं मार्क कापाय पायजेत खरं तर," असं पुटपुटत तो पुढच्या गाडीसाठी रस्त्याकडे गेला.

मी घरी फोन लावला. पास झालो म्हटल्यावर बायको म्हणाली, आत्ताच भावाला कळवते, त्याने तुमच्यासाठी खाट रिकामी करून ठेवलीय.

"येवा घराक," ती म्हणाली. "आणि गाडयेत बसल्यार कोणाक काय विचारू नकात."