शिशीवरची पट्टी

"अबे, शिशी खाली धर. आणखी खाली. टेबलाले लागली तर फेकून देईन."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. खिडकीतून हात काढून वरून औषध ओतत होता. खाली मी, दोन्ही हातांत शिशी धरून. शिशीचं तोंड बोटाएवढं. अर्धं औषध माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. रांग हसली.

"सांडवलंस ना? आता उद्या ये."

मी महार. शिवाशिव बंद झाली म्हणून चावडीवर वाचून दाखवलं होतं. खिडकीत जात विचारली, मी सांगितली, तिथंच ठरलं सगळं.

माझी बायको भागरता बाहेर चिंचेखाली पडली होती. बाळंतपणात पोर गेलं, तिच्या अंगात ताप राहिला. आमच्या नवेगावहून बैलबंडीत घालून आणली. आत खाटा रिकाम्या होत्या. नर्सबाई म्हणाली, "इनको बाहर रखो." घरून निघताना भागरतेनं तापातच औषधासाठी ही तेलाची शिशी राखेनं घासली होती. म्हणे, "डाक्टर घाण म्हणतील."

दुसऱ्यांच्या शिशीवर कंपाउंडर कागदाची पट्टी कातरून डिंकानं चिकटवी. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. आमच्या शिशीवर पट्टी नाही. चिकटवायची तर हात लावावा लागतो.

"किती पाजू?" मी विचारलं.

"तुमच्या लोकायले अंदाज असते ना, दारू पेताना?"

शिशीत उरलेलं अंदाजानं पाजत राहिलो. भागरता माझ्या तोंडाकडं पाहे. "बराबर पाजून राहिले ना तुमी?"

"हो," म्हणे मी.

सकाळी ती थंड.

मी रिकामी शिशी घेऊन खिडकीशी गेलो. टेबलावर ठेवली. आपटूनच.

"उचल ते! काऊन आला? मेली ना तुयी बायको?"

"मेली. भर."

"मुर्द्याले पाजतं का बे?"

"भर. हात लावून भर. पट्टी लाव."

त्यानं शिपायाला हाक मारली. शिपाई आला अन् थबकला. मला ओढायचं तर मला शिवावं लागलं असतं. आंघोळ कोण करणार? उभाच राहिला लेकाचा. मागं रांग खोळंबली, शिव्या देऊ लागली. मी खिडकी सोडली नाही.

शेवटी कंपाउंडरनं शिशी धरली. भरली. पट्टी कातरून चिकटवली. मग धोतराला हात पुसले, माझ्यादेखत.

ते औषध मी चिंचेखाली ओतून टाकलं. भागरतेला उचललं, बंडीत घातलं.

दुसरी बायको केली नाही. घर अजून खायला उठते.

आता शिशा गेल्या, गोळ्या आल्या. आमच्या वस्तीतलं, टोलीतलं कोणी दवाखान्यात निघालं की मी सोबत जातो. गुडघे गेले, तरी जातो. खिडकीतून कोणी गोळ्या वरून टाकल्या तर उचलू देत नाही. तिथंच उभा राहतो. रांग खोळंबू दे, शिव्या देऊ दे.

"हातात दे," म्हणतो.