वुल्फगेटमधला कोबी

माझ्या नवऱ्याइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या घाटकोपरात शोधून सापडणार नाही. फक्त ती निष्ठा माझ्यावर नाही, ‘वुल्फगेट’ नावाच्या एका व्हिडिओ गेमवर आहे. किल्ल्याच्या दरवाज्यात उभं राहायचं आणि अंगावर येणारे लांडगे परतवायचे, एवढाच तो खेळ. कॉलेजात असताना याने पहिला भाग खेळला आणि पोरगा गेला तो गेलाच. लग्न ठरत असताना मी विचारलं होतं, “आधी कोणी होती का?” हा सरळ मनाने म्हणाला, “नाही गं, वेळच नव्हता.” तेव्हा मला ते फार गोड वाटलं. मूर्ख होते मी.

बाकी याच्यासारखा गरीब माणूस नाही. भाजीत मीठ नसलं तरी निमूटपणे जेवेल. पण नाव एक आणि माल दुसरा, हे दिसलं की याचं डोकं सटकतं. खाऊगल्लीत ‘आइस्क्रीम डोसा’ अशी पाटी बघून हा गाडीवाल्याशी हुज्जत घालायला उभा राहिला. “भाऊ, तुम्ही काहीही विका, माझं काही म्हणणं नाही. पण यात डोशाचं काय आहे ते दाखवा!” मागे रांग खोळंबलेली. गाडीवाला म्हणाला, “साहेब, खाना है तो खाओ, नहीं तो साइड में हो जाओ.” हा साइडला झाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सावध करत तिथेच उभा राहिला. आमची चाळ पाडून तिच्याच नावाचा टॉवर झाला, त्यात आम्ही राहतो. कुणी फोनवर पत्ता विचारला की हा सांगतो, “नाव तेच आहे, पण ती बिल्डिंग ही नव्हे.” कुरिअरवाले बिचारे परत जातात.

आता हा राग मुळात आला कुठून, तर त्या गेम कंपनीने वुल्फगेटचं नाव लावून वाटेल ते काढायला सुरुवात केली. आधी पत्त्यांचा खेळ काढला, मग गाड्यांची शर्यत. लांडगा गाडी चालवतोय! त्या दिवशी हा जेवला नाही. माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र याने भात मागून घेतला होता. मी जळते, सरळ सांगते. एखादी बाई असती तर तिच्या घरी जाऊन भांडले तरी असते.

याच्या गेल्या वाढदिवसाला मी हार मानली. म्हटलं, सवतीलाच घरी आणू. दुकानात जाऊन नवीन वुल्फगेट मागितलं, रंगीत कागदात बांधून घेतलं. खोक्यावर लांडगा होता, हे मी नीट बघितलं. त्याच्या डोक्यावर गवताची टोपी होती, पण मला काही ते खटकलं नाही, ऊन असेल. याने कागद फाडला, टोपी बघितली, आणि मयताला गेल्यासारखा चेहरा करून “थँक्यू” म्हणाला. शेतीचा खेळ निघाला हो तो! लांडगा कोबी लावतो, पाणी घालतो, बाजारात नेऊन विकतो. लढाई औषधालासुद्धा नाही. हा उठला आणि कंपनीला तक्रार लिहायला बसला. मला इतका संताप आला की मी तो गेम स्वतःच खेळायला घेतला, मुद्दाम. आणि माझा कोबी झकास आला! याच्या मित्राचा फोन आला की मी मागून ओरडायचे, “मीपण वुल्फगेटवाली!” हा कळवळायचा. “त्याला वुल्फगेट नको ना म्हणूस, यार. शेती म्हण.” याला जळताना बघून माझ्या जिवाला जरा थंड वाटायचं.

एका रविवारी दुपारी मी कोबी काढत होते आणि हा शेजारी बसून नवी तक्रार वाचून दाखवत होता. “पहिल्या भागात लांडगा यायच्या आधी क्षणभर वारा थांबायचा. ते तुम्ही कुठे घालवलंत?” इतक्या वर्षांपूर्वीचा वारा याला आठवतो! मी म्हटलं, “आणि मी रे? पहिल्या भागातली मी कुठे गेले? माझ्याबद्दल कधी कुणाला लिहिलंस?”

मला वाटलं, हसण्यावारी नेईल. तर याने मोबाइल खाली ठेवला. “लग्नाआधी तू हॉटेलात खदखदून हसायचीस. आजूबाजूची टेबलं वळून बघायची. लग्नानंतर एकदा मी म्हणालो, ‘जरा हळू गं, लोक बघतायत.’ त्यानंतर तू तशी हसलीच नाहीस.”

“मग तक्रार नाही केलीस ती?”

“कोणाकडे करू? बिघडवलं मीच ना.”

हल्ली हा मला विनोद सांगतो. जेवायला बसलो की ऑफिसात ऐकलेला एखादा काढतो, त्याचा शेवट आधीच सांगून टाकतो आणि घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. विनोद भिकार असतात. मी हसते, याच्यासाठी म्हणून हसते, पण ते हसू तसं येत नाही. यालाही कळतं. “चालेल,” म्हणतो आणि आमटी वाढून घेतो. त्या गेमवर मी आता जळत नाही. जळते ती हॉटेलात खदखदून हसणाऱ्या त्या पोरीवर. तिची आठवण काढताना याचा चेहरा जसा झाला होता, तसा माझ्याकडे बघून अजून झालेला नाही.