सोळा दिवस, रोज दोन फेरे जास्त

पट्टी दोनदा लावली. दोन्ही वेळा आकडा तोच आला. चाळीस.

यायला हवे होते बत्तीस. मी चष्मा पुसला, वही उघडली, दिवस परत मोजले. बत्तीस दिवस, म्हणजे बत्तीस मिलिमीटर. बालाजीच्या दोन्ही पायांत चाळीस भरत होते आणि बालाजी छताकडे बघत होता.

"पाना कोणाकडे असतो रे?"

"माझ्याकडंच की मॅडम."

"मग हे आठ मिलिमीटर कुठून आले?"

छताकडे बघण्यासारखं काही नव्हतं. एक पंखा होता, तोही बंद.

मी फिजिओथेरपिस्ट. पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात तीसेक वर्षं नोकरी केली, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलंही. रिटायर झाल्यावर घरात बसून सगळ्यांना व्यायाम सांगायला लागले, तेव्हा सुनेनेच सुचवलं की आई, खाली एक खोली रिकामी आहे. तेच माझं क्लिनिक. निगडी प्राधिकरणात, आमच्याच घराच्या तळमजल्यावर.

बालाजी मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर. पत्रा दाबून पार्ट काढायचे जड साचे असतात, ते बिघडले की दुरुस्त करायची जागा म्हणजे टूलरूम. सहा वर्षं काँट्रॅक्टवर काढून नुकताच परमनंट झालेला. वय एकोणतीस. उंची पाच फूट दोन इंच. लाइनवरची पोरं त्याला 'छोटा रिचार्ज' म्हणायची. ते तो हसून सोडून द्यायचा. पण एका ठिकाणी मुलगी बघायला गेला, तर तिच्या मामाने दोघांना दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलने खुणा केल्या. मुलीची खूण वर निघाली. ते त्याला हसून सोडता आलं नाही.

त्याने उंची वाढवायचं ऑपरेशन करून घेतलं. यात गुडघ्याखालचं हाड मुद्दाम कापतात. पायाभोवती स्टीलच्या कड्या बसवतात, त्यांतून तारा हाडात घालतात. मग कापलेली दोन टोकं रोज एक मिलिमीटर एकमेकांपासून लांब न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. लांब न्यायचं काम पेशंटच करतो. कड्यांना नट असतात, ते पान्याने जरासे फिरवायचे. एका फेऱ्याला पाव मिलिमीटर, दिवसाला चार फेरे. हाड नवं होतं, पण मागची पोटरी आणि नसा नव्या होत नाहीत. त्या नुसत्या ताणल्या जातात. त्यांना सांभाळणं हे माझं काम.

तो पहिल्यांदा व्हीलचेअरवरून आला तेव्हा मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं होतं. उंचीत काय आहे, माणूस कामाने मोठा होतो, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या चपलेला टाच केवढी हाय?"

अडीच इंच होती. लेक्चर तिथेच संपलं.

खरं तर मला तोंडच नव्हतं. मी चार फूट अकरा. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये उंची वाढवायची म्हणून मी चार महिने दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळत होते. सकाळी भिंतीवर खूण करायची, संध्याकाळी ताडून बघायची. संध्याकाळी उंची कमी भरली की रडायचे. दिवसभराच्या वजनाने मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि प्रत्येक माणूस संध्याकाळी थोडा बुटका होतो, हे त्याच आठवड्यात मला वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते छान आकृती काढून लिहिलंही होतं. स्वतःला लागू करण्याएवढी अक्कल मात्र नव्हती. शेवटी पट्टी निखळली आणि मी रेक्टरबाईंच्या पायाशी पडले.

तर, ते आठ मिलिमीटर.

बालाजीने सांगून टाकलं. दुसरा एक्सरे छान आला होता. हाड भरतंय, असं सर्जन म्हणाले होते. रजा मात्र झपाट्याने संपत होती. म्हणून त्या दिवसापासून त्याने चाराचे सहा फेरे केले. सोळा दिवस, रोज दोन जास्त. पुढचा एक्सरे आणि मधल्या माझ्या तपासण्या त्याने चाकणच्या ट्रॅफिकचं कारण सांगून चुकवल्या.

"मॅडम, जॉब चांगला चालायला की आमी मशिनचा फीड वाढवतो," तो म्हणाला. जॉब म्हणजे मशिनवर लावलेला पार्ट, फीड म्हणजे मशिनने धातू कापायचा वेग. "अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हो."

ज्या माणसाला कामावर केसाएवढा फरक चालत नाही, तो मला हे सांगत होता.

"आणि मशिन आवाज करायला लागली तर काय करतोस?"

"बंद करतो."

"पायाला मुंग्या येतात का?"

तो परत पंख्याकडे बघायला लागला. कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची आई बसली होती. लेकाची देखभाल करायला ती गावाहून आली होती. ती म्हणाली, "आठ दिस झाले बाई, पावलाला मुंग्या यायल्यात त्याच्या. मला म्हणला, डाक्टरांनीच वाढवून दिलंय."

मी त्याला टाच जमिनीला टेकव म्हटलं. टेकेना. दोन्ही पावलं चवड्यांवर नाचणाऱ्या बाईसारखी पुढे टोकदार झाली होती. पोटरी इतकी ताणली गेली होती की ती टाच वर ओढून धरत होती. टाचेखाली आगपेटी आडवी ठेवली तर आरामात आत जात होती.

मी तिथूनच सर्जनना फोन लावला. हे डॉ. शिरीष. इंटर्न असताना त्यांना मीच प्लास्टर धरायला शिकवलं होतं, त्यामुळे ते मला अजून वचकून असतात. त्यांनी त्याच दिवशी बोलावून एक्सरे काढला. फटीतलं नवं हाड धुक्यासारखं विरळ होतं. त्यांनी पाना काढून घेतला. ठरले होते सात सेंटिमीटर, आता चारावरच थांबायचं.

बालाजीचा चेहरा पडला. पण खरी गोष्ट पुढे होती.

"सहा आठवडे बघू," सर्जन मला म्हणाले. "टाच टेकली नाही तर टाचेमागची जाड शीर ऑपरेशन करून लांब करावी लागेल."

ती शीर लांब केली की पावलाचा जोर कमी होण्याची भीती असते. शिडी चढताना, उकिडवं बसून उठताना तोच जोर लागतो. आणि बालाजीचं निम्मं काम साच्याच्या बुडाशी उकिडवं बसून चालतं. कंपनीने बजावलं होतं की रुजू होताना मेडिकल होईल, त्यात उकिडवं बसणं आणि शिडी दोन्ही. नापास झाला तर परमनंटचं काय, याचं उत्तर एचआरने दिलं नव्हतं. न देणं हेच उत्तर होतं.

"पाच द्या," मी म्हणाले. "सहाव्या आठवड्यात मला नातीकडे जायचंय."

नातीकडे जायचं काही ठरलं नव्हतं. नुसती फुशारकी.

तरुणपणी मला ही केस मिळाली असती तर मी जोर लावला असता. तेव्हा माझी समजूत होती की पेशंट ओरडला म्हणजे उपचार लागू पडला. वॉर्डात मला 'फौजदारीण' म्हणायचे आणि मला ती शाबासकी वाटायची. एकदा एका पैलवानाचा गुडघा मी असा वाकवला की तो पलंगावरून उतरून लंगडत घरी निघून गेला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पेशंट चालू लागला.'

ताणलेली पोटरी जोराने सुटत नाही. तिला सावकाश, बराच वेळ, दिवसातून अनेकदा ओढून धरावं लागतं. हे काम मी त्याच्या आईला शिकवलं. उभा जन्म भाकऱ्या थापलेला तो तळहात होता, असा माझ्या एकाही विद्यार्थिनीचा नव्हता. टाच मुठीत धरायची, कोपरापुढच्या हाताने पाऊल वर रेटायचं, धक्का द्यायचा नाही.

"किती येळ धरू बाई?"

"एक भाकरी भाजून होईपर्यंत."

तिला घड्याळ लागलं नाही. रोज पन्नास भाकऱ्यांएवढं धरायची. एक दिवसाआड मी तपासायचे. आगपेटी जाईनाशी झाली. मग पेन्सिल जाईनाशी झाली. चौथ्या आठवड्यात दोन नाणी एकावर एक ठेवून जेमतेम जात होती.

आणि तिथेच सगळं थांबलं. सोमवारी दोन नाणी, बुधवारी दोन नाणी, शुक्रवारीही. बालाजी म्हणाला, "मॅडम, आता करून टाकू ऑपरेशन. तुमी लई केलं." त्याच्या आईने पदर तोंडाला लावला.

मी तिला पहिल्यापासून सगळं विचारलं. उठतो किती वाजता, बसतो कसा, झोपतो कसा. थंडीचे दिवस होते. झोपताना पायाला कड्यांचा गारवा लागतो म्हणून तिने गावाकडची जाड वाकळ आणली होती आणि ती पायाशी गादीखाली घट्ट खोचत होती. आठ-नऊ तास त्या वाकळीचं सगळं वजन पावलांवर. दिवसभर आई पाऊल वर रेटत होती आणि झोपेत आईचीच वाकळ ते खाली दाबत होती.

अंथरुणाचा भार पावलांवर येऊ देऊ नका, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवायचे. त्यावर मार्क कापायचे. आणि इथे चार आठवडे विचारायचं सुचलं नाही. पट्टीला लोंबकळणारी ती पोरगी अजून पूर्ण सुधारलेली नाही, हे त्या दिवशी कळलं.

त्याच्या मित्राने कंपनीतून पार्ट पॅकिंगचा एक रिकामा खोका आणून दिला. खोक्याची एक बाजू कापली, पावलं आत, वाकळ खोक्याच्या वरून. पावलाला पट्टा बांधून वरच्या कडीला अडकवला. तीन दिवसांत एक नाणं कमी झालं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी बालाजी आला तो खिशात फिलर गेज घेऊन. दोन भागांमधली बारीक फट मोजायला फिटर लोक हे वापरतात. पंख्यासारखी उघडणारी पोलादी पाती असतात, प्रत्येकाची जाडी ठरलेली.

"नाण्यानं मोजतात व्हय," तो म्हणाला. "लाज वाटायली मला."

तो वॉकर धरून उभा राहिला, गुडघे सरळ. मी फरशीवर पालथी झाले, गाल फरशीला टेकवला. अर्ध्या मिलिमीटरचं पातं टाचेखाली अडलं. पाव मिलिमीटरचं अडलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आत आली, मला त्या अवस्थेत पाहून किंचाळली आणि कप खाली ठेवून मला उचलायला धावली. मी तिला हाताने थोपवलं. सगळ्यात पातळ पातं घेतलं, सिगारेटच्या कागदासारखं. डाव्या टाचेखाली सरकवलं. गेलं नाही. उजव्या टाचेखाली सरकवलं. नाही गेलं.

"काय झालं?" वरून बालाजीने विचारलं. त्याला खाली बघायचा धीर नव्हता.

"झीरो," मी म्हणाले. "दोन्हीकडे."

त्याची आई फरशीवर माझ्याशेजारी बसली आणि तिने त्याच्या दोन्ही टाचा धरून ठेवल्या, परत उचलल्या जाऊ नयेत म्हणून. सर्जनना मी फोटो पाठवला. उत्तर आलं, 'शीर वाचली. नातीकडे जाऊन या.' मी तो मेसेज आजही पुसलेला नाही. क्लिनिक धरून चाळीस वर्षांच्या कामात मला शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली. पण छाती फुगली ती त्या दिवशी, तीही फरशीवर पालथी असताना.

कड्या निघायला आणखी सहा महिने लागले. नवं हाड घाईघाईत वाढवलं होतं, त्याने पक्कं व्हायला वेळ लावून सूड घेतला. रजा दोनदा वाढवावी लागली. मग मेडिकलचा दिवस आला. बालाजी शिडी चढला, उतरला, उकिडवा बसला. कंपनी डॉक्टर म्हणाले, बास, उठा. तर म्हणाला, "राहू द्या सर, बरं वाटायलंय." शिक्का बसला, 'फिट.'

उंची मोजणाऱ्या क्लार्कने जुन्या कार्डावर एकशे सत्तावन्न सेंटिमीटर बघितले, नव्याने मोजले ते एकशे एकसष्ट. जुनी नोंद चुकलेली दिसते म्हणत त्याने ती खोडून टाकली.

मला लोक विचारतात, उंची वाढवून पुरुषाला फायदा होतो का हो? मी बालाजीला विचारलं. तो म्हणाला, आरशात बरं वाटतं, चौकटीशी उभं राहायची भीती गेली. पण थंडीत नडग्या ठणकतात, कंपनीची बस पकडायला पूर्वीसारखं पळता येत नाही, आणि टूलरूममध्ये कुणाच्याही लक्षात आलं नाही. छोटा रिचार्ज अजून छोटाच आहे. परत करशील का, म्हटलं तर नुसता हसला.

लग्न जमलं. बैठकीला मीही होते. मुलीच्या वडिलांनी उंची विचारलीच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, पोरगा परमनंट आहे ना?

हल्ली कुणी तरुण माझ्याकडे या ऑपरेशनचं विचारायला आला तर मी लेक्चर देत नाही. करू नको असंही म्हणत नाही. त्याला बसवते, पाणी देते आणि आधी विचारते, रजा किती शिल्लक आहे? वर्षभराची असेल तर पुढचं बोलू.