सहाव्या होलखालचा पाइप

गोल्फच्या त्या मैदानावर लोक चेंडूकडे बघत आणि काका पाण्याकडे. चेंडू कुठं गेला याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. पाऊस पडून गेला की पाणी कुठं थबकतं, कुठं रेंगाळतं, कुठून गुपचूप खाली उतरतं, हे बघत ते सकाळी सकाळी हिंडायचे. एकतीस वर्षांत त्यांनी इथं मैलभर तरी चर खणले, खडी भरली, पाइप गाडले. कुठला पाइप कुठं आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि त्याचा ते तोराही मिरवत.

पण दोन वर्षं झाली, त्यांच्या डोळ्यांपुढं धुकं उतरलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी हे घरी सांगितलं नाही, कामावर तर नाहीच. मैदान सुटलं तर आपण उठून जायचं कुठं, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे.

अशात सहाव्या होलजवळ पाणी तुंबायला लागलं. नवा चर खणून जुन्या पाइपाला जोडायचं ठरलं. पाइपाच्या जागेवर काकांनी झेंड्या रोवायच्या होत्या. एरवी हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. पाइपावरची माती आधी सुकते, गवतात फिकट पट्टा दिसतो. दिसणाऱ्याला दिसतो.

काकांनी बूट काढले. ओल्या गवतात टाच रुतली, मग तळव्याला खडीवर असते तशी घट्ट जमीन लागली. तिच्या मागोमाग ते निघाले. मैदान पांढुरकं, तरंगल्यासारखं. झाडं विरघळलेली, कडा पुसलेल्या, पायांखाली तेवढी एक घट्ट रेघ. आपण जागे आहोत की झोपेत चालतोय, तेही त्यांना कळेना. फार दिवसांनी त्यांना इतकं सुख वाटत होतं. रेघ संपेपर्यंत त्यांनी झेंड्या रोवल्या.

मजुरांनी गुडघाभर खणलं, कमरेइतकं खणलं. पाइपाचा पत्ता नाही.

"काका, तुमचा अंदाज चुकला?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. ती क्लबच्या लाँड्रीत टॉवेल धुवायची.

"अहो, माझी वाट कशाला खणलीत?"

"तुझी वाट?"

"लाँड्रीतून रोज इथूनच येते की तुमच्याकडे. वरून गवत आहे, पण खाली तुडवून तुडवून दगड झालाय. पाइप तो तिकडं. पट्टा दिसतोय ना ढळढळीत?"

काका भलतीकडंच बघू लागले. बायकोनं त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"डब्यात केस निघाला तरी ओरडत नव्हतात. मला वाटलं, सुधारलात."

काका मॅनेजरबाईंकडे वळले. "बाई, मला पट्टा दिसत नाही. आधीच सांगायला हवं होतं. भीती वाटली."

बायकोनं डबा खाली ठेवला आणि काकांचं कोपर धरलं. "चला. डावीकडं. अजून थोडं. हां, इथं रोवा."

दुसऱ्या झेंडीपाशी कुदळीला खडी लागली, खडीखाली पाइप. बाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, उद्यापासून झेंड्या रोवायला दोघंही या."

काकांना रडू आवरेना.

"पुरे आता," बायको म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "आधीच इथं पाणी तुंबलंय, त्यात तुमची भर नको."