भोंग्याच्या वहीतला शेवटचा रकाना

आमच्या भाऊजींना अख्खं गाव 'भोंगा' म्हणतं, आणि माणूस असा, की जेवताना मीठ हवं असलं तरी खुणेनं मागेल. एकतीस वर्षं ते नदीवरच्या पूरचौकीत नोकरीला होते. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवरून पाण्याची पातळी वाचायची, वहीत लिहायची, आणि पाणी लाल रेघेला लागलं की भोंगा वाजवायचा, एवढंच काम. एकतीस वर्षांत त्यांनी तो खराखुरा एकदाच वाजवला. त्यांचं सगळं नाव त्या एका वेळेवर उभं आहे.

त्यांची एक खोड होती. सव्वीस वर्षं हा माणूस तयार शर्ट घेतो, तोही एक माप मोठा, आणि बाह्या दुमडून घालतो. "भाऊजी, हा शर्ट तुमचा की थोरल्या भावाचा?" असं मी दर वेळी विचारायचो. ते दर वेळी हसायचे. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की यांना टेलरकडे जायला नको वाटतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझा जन्म गेला, पण घरातल्या या बाह्यांचं कारण मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्यांची एकुलती लेक ठकी. लहानपणी तिचे सगळे फ्रॉक, आणि भाऊजींचे शर्टही, शेजारचे टेलरकाका शिवायचे. त्यांच्या एका पायाला पोलिओ होता, त्यावर लोखंडी पट्ट्यांचं जडशीळ कॅलिपर. ठकी खडे गोळा करते म्हणून तिच्या प्रत्येक फ्रॉकला ते दोन खिसे जास्तीचे लावायचे. भोंगा वाजला त्याच दिवशी टेलरकाका गेले. हार्ट अटॅक, असं नऊ वर्षांच्या ठकीला सांगितलं, आणि आम्हालाही. मोठी झाल्यावर ती एका संस्थेत गेली, जिथं कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनतात. पुढं तिथल्या कारखान्याची ती प्रमुख झाली.

दोन वर्षांपूर्वी संस्थेत नवे विश्वस्त आले. भलं करायचं तर हिशोबानं करा, तेवढ्याच पैशात जास्तीत जास्त जीव कुठं वाचतात ते पाहा, असं त्यांचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. मग विश्वस्तांचा, आणि त्यांच्याबरोबर ठकीचाही, हिशोब वाढत गेला. यंत्रं उद्या इतकी हुशार होतील की माणूसजातच पुसून टाकतील. ते टळण्याची शक्यता केसभर जरी वाढवली, तरी पुढं जन्मणारे अब्जावधी जीव वाचतील. त्या आकड्यापुढं आजचं सगळं शून्य.

"अगं, अब्जाला कशानंही गुणलंस तरी आकडा मोठाच येणार," मी ठकीला म्हटलं.

"मामा, तुला हसू येतंय. मला झोप येत नाही."

तिच्या डोळ्यांखाली खरंच काळी वर्तुळं आली होती. थट्टा करणं सोपं असतं, पण पोरीची भीती खोटी नव्हती.

विश्वस्तांनी कारखाना बंद करायचं ठरवलं. एकशे सत्तेचाळीस माणसं तिथून कॅलिपर घ्यायची, दुरुस्त करून न्यायची. ते सगळं थांबवून संस्थेची ताकद यंत्रांच्या संकटाबद्दल लोकांना जागं करण्यात लावायची. रविवारी सकाळी सभा, सभेत घोषणा, घोषणा करणार ठकी. आणि प्रमुख पाहुणे कोण, तर भोंगा!

"बाबा, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं," ठकी म्हणाली, "की खात्री नव्हती, तरी मी भोंगा वाजवला."

भाऊजींच्या हातातला पेला तसाच राहिला. "नको गं."

"बाबा, तुमच्याकडे बघून तर मी हे सगळं करतेय."

पुढचे आठ दिवस त्यांना घास जाईना. ताई मला फोन करून रडायची.

सभागृहात दोनेकशे माणसं होती. ठकीनं गोष्ट सांगितली. वर धरणावर धो धो पाऊस, टेलिफोनची तार तुटलेली, पाणी लाल रेघेखाली हातभर आणि चढतंच होतं. बाबांनी वाट पाहिली नाही. भर दुपारी भोंगा वाजला आणि चाळीस हजार माणसं टेकडीवर, तिथल्या शाळेत, मिळेल तिथं गेली. "एकही माणूस बुडालं नाही," ती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तिनं मागच्या पडद्यावर त्या दिवसाचं वहीचं पान दाखवलं. जुन्या दप्तरातून तिनं ते मोठ्या अभिमानानं शोधून आणलं होतं.

मी सवयीनं ओळ शेवटपर्यंत वाचली. तारीख, वेळ, पातळी, कारण, सही. शेवटचा रकाना होता, 'भोंग्यामुळे झालेले नुकसान'. दर महिन्याला तीन सेकंद भोंगा वाजवून बघायचे, त्या प्रत्येक ओळीपुढं भाऊजींनी सरळ अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. या ओळीपुढं मात्र काहीच नव्हतं. भाऊजींकडे पाहिलं, तर त्यांचीही नजर तिथंच.

"भाऊजी, काय झालं होतं?" मी हळूच विचारलं.

"आज बोललो तर लेक तुटेल," ते म्हणाले. "नाही बोललो तर कारखाना जाईल."

त्यांचं नाव पुकारलं गेलं. मंचाच्या पायऱ्यांवर दोघं-तिघं उभे होते. ते बाजूला होईपर्यंत भाऊजी खाली थांबले, मगच वर चढले. माईकपासून हातभर लांब उभे राहिले, तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"पाणी लाल रेघेला लागलंच नाही. हातभर खाली थांबलं आणि तासाभरात उतरलं. मी भोंगा वाजवला नसता, तरी कुणी बुडालं नसतं."

"पण बाबा, ते तेव्हा कुठं माहीत होतं?" ठकी मंचावरूनच म्हणाली.

"नव्हतं. म्हणून वाजवल्याचं मला दुःख नाही. तशी वेळ आली तर परत वाजवीन. पण शाळेच्या जिन्यात रेटारेटी झाली. टेलरकाकांचं कॅलिपर कठड्यात अडकलं. ते पडले, आणि लोक त्यांच्या अंगावरून गेले; पायाखाली कोण आहे, हे त्या गर्दीत कुणाला कळलंही नाही. मी मागून पोचलो तेव्हा संपलं होतं." त्यांनी ठकीकडे पाहिलं. "चौकीचे साहेब म्हणाले, हार्ट होतं म्हणू या. चाळीस हजार वाचले, एक गेला, एवढं चालायचंच. मला ते सोयीचं पडलं. रकान्यात 'नाही' लिहायला हात धजेना, आणि खरं लिहायची छाती झाली नाही."

एक तरुण विश्वस्त उठला. बोलायला नम्र होता. "आजोबा, पण गणित तर तेच सांगतं ना? चाळीस हजारांपुढं एक."

"गणितात मी कच्चाच आहे," भाऊजी म्हणाले. "पण न आलेल्या पाण्यातून वाचवलेली माणसं कितीही मोजता येतात, बाळा. हिशोब मागायला कुणी येत नाही. पाणी कधी येणारच नाही, असं मी म्हणत नाही. भोंगा वाजवा. पण भोंग्याखाली कोण चिरडलं, ते त्याच वहीत, त्याच दिवशी लिहा. तुमच्या वहीत मला तो रकानाच दिसला नाही."

ठकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सव्वीस वर्षं तुम्ही मला खोटं सांगितलंत," ती म्हणाली, आणि मागच्या दारानं निघून गेली. घोषणा विश्वस्तांनीच उरकली. ठकीची सही झाली की कारखाना बंद. भाऊजी खाली आले, माझ्याशेजारी बसले आणि दुमडलेल्या बाह्या उलगडून परत दुमडत राहिले. आता मला त्या बाह्यांचं कारण कळलं होतं. इतकी वर्षं केलेल्या थट्टेची मला लाज वाटली.

अकरा दिवस ठकीनं फोन उचलला नाही. बाराव्या दिवशी मीच कारखान्यात गेलो. दार उघडं होतं, आत पट्ट्या घासायचं मशीन चालू होतं. ठकी टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर एक बाई पाय लांब करून, कामावर जायला किती पायऱ्या चढाव्या लागतात ते सांगत होती. ठकी लिहून घेत होती. बंद करण्याच्या आदेशामागं तिनं एक जाड वही जोडली होती आणि प्रत्येक पानावर पट्टीनं एक रकाना आखला होता, 'बंद केल्यामुळे होणारे नुकसान'.

"सही करायच्या आधी एवढं भरायचंय, मामा," मान वर न करता ती म्हणाली. "प्रत्येकाला विचारून."

"आणि यंत्रांचं काय?"

"ती भीती आहेच. ती कुठं गेलीय."

मी वही माझ्याकडे वळवली. पहिली ओळ या एकशे सत्तेचाळीसांपैकी कुणाची नव्हतीच. तिथं ठकीच्या अक्षरात 'टेलरकाका' लिहिलं होतं. पुढच्या रकान्यातलं सरळ अक्षर मी सभेतल्या पडद्यावर पाहिलं होतं. 'जीव गेला. भोंगा माझ्या हातून वाजला.' खाली भाऊजींची सही होती, आणि तारीख कालची.

विश्वस्तांचा रोज फोन येतो, सहीचं काय झालं म्हणून. "अजून भरून व्हायचंय," ठकी सांगते, आणि पुढच्या माणसाला खुर्ची ओढून देते.