ड्रोनला सापडलेल्या कुरडया

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात परभणी शहरातल्या एका गच्चीवर देशाच्या आरोग्याला असलेला भयंकर धोका उघडकीस आला. गच्ची आमची होती. धोका म्हणजे माझ्या आईच्या कुरडया.

आजार खरा होता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीतले एक मास्तर खाटेसाठी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत रिक्षातच गेले. त्यांच्यासाठी कोणी ड्रोन उडवला नाही. सरकारला त्या दिवसांत एकच गोष्ट छान जमत होती, ती म्हणजे रात्री आदेश काढणं. किराणा सकाळी अकरापर्यंत, जणू विषाणू अकराला जेवण उरकून घराबाहेर पडतो. लग्नाला मोजकी माणसं, पुढाऱ्याच्या सभेला मैदान भरून. आणि टीव्हीवाले हे सगळं असं ओरडून सांगत, की ऐकणाऱ्याला तापच यावा.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा बंद, पण तिला सर्वेक्षणाची ड्यूटी. भर उन्हात दारोदार फिरून ती लोकांचा ताप मोजायची आणि ‘गर्दी करू नका’ म्हणून सांगायची. कचेरीतून मिळालेला एकुलता एक मास्क रोज रात्री धुऊन वाळत घालायची.

तर आईने कुरडयांसाठी गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, गहू वाटले, चीक काढला. नेमकं त्याच रात्री टीव्हीवर जाहीर झालं, उद्या सकाळपासून कडक संचारबंदी.

मी म्हणालो, “आई, राहू दे यंदा.”

“चीक काय सरकारला इचारून आंबतो का? उद्या न्हाई हाटला तर गटारीत ओतावा लागंल. वर्षाचं अन्न हाय ते.”

कुरडया एकट्या बाईचं काम नाहीच. एकीने चीक हाटायचा, दुसरीने पातेलं धरायचं, तिसरीने गरम गरम सोऱ्यात भरायचा, चौथीने दाबायचा. थांबलं की चीक घट्ट होतो आणि सोऱ्या रुसतो. सकाळी बायको ड्यूटीवर गेली आणि शेजारच्या बायका रस्त्यावर पाऊलही न टाकता कठडे ओलांडून आमच्या गच्चीवर आल्या. नाकाला पदर बांधून. संचारबंदी अक्षरशः पाळली म्हणा ना!

धुतलेले पलंगपोस पांढऱ्या कुरडयांनी भरत आले, तेवढ्यात वर घूं घूं झालं.

“काकू, काय हो ते? आपल्याकडंच बघायलंय!” शेजारीण म्हणाली.

“कुरडया बघायलंय मेलं,” आई म्हणाली, आणि कावळे हाकायची काठी घेऊन त्याच्यावर धावली. “हाड! हाड!”

संध्याकाळी स्थानिक वाहिनीवर आमची गच्ची झळकली. भोवती लाल वर्तुळ. ‘संचारबंदीत महिलांची गुप्त बैठक! ड्रोनवर काठीने हल्ला!’ निवेदकाचा गळा दाटून आला होता. पलंगपोसांवरही वर्तुळं होती, खाली ‘संशयास्पद वस्तू’. मी हसून हसून लोळलो. मग निवेदक म्हणाला, “धक्कादायक म्हणजे हे घर एका शिक्षिकेचं आहे.” बायकोच्या हातातला घास ताटात पडला.

लगेच कचेरीतून फोन. उद्या पथक येणार, जागेवर चौकशी होणार, निलंबनही होऊ शकतं.

“मी तर घरी पण नव्हते हो,” एवढंच ती म्हणाली. वर्षभर तिने ज्यांच्यासाठी ऊन खाल्लं, त्यांना बळी द्यायला तीच सापडली होती. माझं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशी अंतर राखण्याचा धडा द्यायला सहा माणसं एका जीपमध्ये मांडीला मांडी लावून आली. मागून फटफटीवर त्या वाहिनीचा कॅमेरा. पथकाचे साहेब मध्यमवयीन, कपाळाला आठ्या. तडक गच्चीवर चढले.

“मॅडम, लोकांना नियम सांगता आणि स्वतःच्या घरी जत्रा भरवता?”

आई पुढे झाली.

“तिला काय बोलायलाव साहेब? ती तुमच्याच कामाला गेली होती. बायका मी बोलावल्या. तुमचा आदेश रात्री आला, माझे गहू तीन दिवसांपासून भिजायलते. गव्हाला काय सांगू, साहेबाचं मन बदललं म्हणून?”

कॅमेरावाला पुढे सरसावला. “आजी, चूक मान्य आहे का?”

“तुमचं ते यंत्र माझ्या कुरडयांवर धूळ उडवून गेलं, ती चूक कोण मान्य करणार रे?”

साहेब खाली वाकले. एक वाळलेली कुरडई उचलली, उजेडात धरली, कोपरा मोडून तोंडात टाकला. बायको कठड्याला धरून उभी होती.

चौकशी तिथेच आटोपली. बायकोवर कारवाई झाली नाही, आणि त्या वाहिनीवर आमची गच्ची पुन्हा कधी दिसली नाही. दाखवणार कशी? कॅमेरा चालू असताना, कुरडई चावता चावता साहेबांच्या तोंडून निघून गेलं होतं, “आमच्या घरचा तर समदा चीक नासला हो, कोण्या गाढवानं काढला होता तो आदेश!”